दोन पॅन्ट, तीन शर्ट आणि एक संमतीपत्र

दुकानाचं नाव लिहीत नाही, हे आधीच सांगते. नाव लिहिलं की तिथं कुठल्या शाळांचं कापड मिळतं ते कळतं, शाळा कळली की नववीतलं आमचं लेकरू कळतं. सोलापूर तेवढंही मोठं नाही. साखर पेठेतल्या एका बोळात, जिथं रिक्षा वळत नाही आणि ॲक्टिव्हा लावली तर समोरचे आजोबा दोनदा खाकरतात, तिथं हे दुकान आहे. खाली कापडाचे ठाण, माळ्यावर तीन मशीन. ज्यांना माहीत आहे त्यांना कळलं असेल. त्यांनी गप्प राहावं, ही विनंती.

पाचपैकी दुकानाला साडेचार तारे. अर्धा कशासाठी कापला ते खाली येतंय. शाळेच्या संमतीपत्राला दोन, त्यातलाही एक मुख्याध्यापिकाबाईंनी शेवटी ऐकून घेतलं म्हणून.

दुकानाच्या रिव्ह्यूमध्ये शाळेचं संमतीपत्र कशाला, असं वाटेल. पण आम्ही दुकानात गेलो ते त्या कागदापायी. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. रोज पावत्यांमध्ये बसणारी बाई आहे मी, कुठला कागद कशामुळं निघाला हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

आमच्या लेकराला जन्मापासून मुलगी म्हटलं गेलं. मी इथं मुद्दाम ‘लेकरू’ लिहिते. ‘मुलगा’ लिहिलं तर सासूबाई जेवणार नाहीत, ‘मुलगी’ लिहिलं तर ते स्वतः जेवणार नाही. ‘लेकरू’वर घरात सगळ्यांचं एकमत आहे. मराठीत ‘ते’ म्हणायची सोय कुणी करून ठेवली माहीत नाही, पण त्याला माझा नमस्कार. हे सगळं लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिलं. दोन वाक्यं त्यानं काढायला लावली, ती काढली. एक मी ठेवलंय, त्यावर भांडण अजून चालू आहे.

मला कळलं ते हळदीकुंकवाला. वर्गातल्या एकीची आई वाण घेताना म्हणाली, अमक्याचं चित्र किती छान आलंय हो, बाईंनी वर्गात लावलंय. ते नाव मला कळेना. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं सांगत्यात. हसून मान हलवली आणि तिळगूळ दिला. रात्री चित्रकलेची वही उघडली तर लेबलवर तेच नाव, माझ्याच लेकराच्या अक्षरात. गणपतीपासून वर्गशिक्षिका त्याच नावानं हाक मारत होत्या. पाच महिने त्याला वर्गात एक नाव होतं, घरात एक, आणि डबा भरणारी मी एकटीच अडाणी.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. रागावले नव्हते असं म्हणणार नाही. बाई तरुण आहेत, चांगल्या आहेत. म्हणाल्या, “मला वाटलं तुम्हाला घरी माहीत असेल.” नंतर म्हणाल्या, “त्यानंच सांगू नका म्हटलं होतं.” दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, मी हिशेबनीस आहे. पण घरी येऊन लेकराला विचारलं, “बाईंना सांगितलंस, मला का नाही?” तर ते म्हणालं, “तू आजीला सांगितलं असतंस.”

सांगितलं असतं. हेच ते वाक्य, ज्यावर भांडण चालू आहे.

नंतर शाळा जी घाबरली, ती घाबरली. पाच महिने ज्यांना आम्ही आठवलो नाही, त्यांना आता आमच्या सह्यांशिवाय करमेना. मार्चमध्ये लेकरानं सलवार-जाकिटाऐवजी पॅन्ट-शर्ट घालू का म्हणून विचारलं, तर आधी डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, मग स्टँप पेपरवर लिहून आणा, मग आईवडील दोघांची सही. शेवटी स्टँप पेपर आणि डॉक्टर गळाले आणि एक छापील कागद हातात आला. त्यातली भाषा तुम्ही ओळखाल. सहलीला पोरं नेताना असतो तोच कागद, सहलीच्या जागी गणवेश घातलेला. ‘आम्ही आमच्या पाल्याच्या सदर निर्णयास पूर्ण संमती देत असून त्यातून उद्भवणाऱ्या परिणामांस शाळा जबाबदार राहणार नाही.’ खाली तीन सह्यांच्या जागा: वडील, आई, मुख्याध्यापक. ज्याच्याबद्दल कागद, त्याच्या सहीला जागाच नाही. मी शंभर वेळा बिलं तपासते, माल कुणाला पोचला ते नाव नसलेलं बिल आमच्याकडं परत जातं.

कागदावर एक रकाना होता ‘सर्वनाम’. कुठून तरी इंग्रजीतनं उतरवलेला. आता मराठीत सर्वनाम बदलून काय होतं सांगा. ‘तो’ आणि ‘ती’ माणूस समोर नसताना लागतात. समोर असताना ‘आलास’ का ‘आलीस’ हा प्रश्न असतो, ‘जेवलो’ का ‘जेवले’ हा असतो. आमच्यात क्रियापदच माणसाला पकडतं. लेकरू घरी कित्येक महिने ‘मी आले’ही म्हणत नव्हतं आणि ‘मी आलो’ही. दारातनं ओरडायचं, “आई, शाळा सुटली!” मला वाटायचं लाडात आहे. ते वाक्य शोधून शोधून काढलेलं होतं, हे मला त्या रकान्यासमोर बसल्यावर कळलं.

आता कायद्याचं. ऑफिसातल्या एकीचा भाऊ वकील आहे, त्यानं चहाच्या पैशात समजावलं. सुप्रीम कोर्टाचा १५ एप्रिल २०१४ चा नालसा निकाल आहे, त्यात म्हटलंय की माणसानं आपली लिंगओळख स्वतः ठरवावी. मग २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला, १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. तो झाला तेव्हा त्यात अशी तरतूद होती की ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडं मागायचं, आणि अठराच्या आतलं मूल असेल तर अर्ज आईवडिलांनी किंवा पालकांनी करायचा. शाळांनी भेदभाव करायचा नाही, हेही त्यात. नुसतं या कारणावरनं मूल आईवडिलांपासून तोडायचं नाही, कोर्टाचा हुकूम असेल तरच, हेही त्यात. म्हणजे प्रमाणपत्राला पालक लागतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव बदलायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. पण वर्गात हाक कुठली मारायची आणि पॅन्टला परवानगी कुणाची, यावर त्यानं हात वर केले. म्हणाला, एनसीईआरटीनं २०२१ मध्ये शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती, गणवेश, स्वच्छतागृहं सगळं होतं त्यात, पण राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं आक्षेप घेतला आणि काही दिवसांत ती वेबसाइटवरनं काढली. मग शाळा काय करणार? सहलीचा कागद काढणार.

माझा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याला फोनवर सांगितलं तर त्याचं वेगळंच. त्यांच्याकडं २०२३ मध्ये चिनो व्हॅली नावाच्या एका भागातल्या शाळा मंडळानं ठरवलं, मुलानं असं काही सांगितलं की पालकांना कळवायचंच. मग राज्यानं २०२४ मध्ये उलटा कायदा केला, की कळवाच अशी सक्ती शाळांनी शिक्षकांवर करायची नाही. भाऊ तावातावानं बोलत होता, पालकांना अंधारात ठेवतात म्हणून. मी म्हटलं, अरे, तुमच्याकडं निदान भांडायला दोन नियम आहेत, इथं एकाच शाळेनं दोन्ही केलंय. आधी सांगितलंच नाही, नंतर सहीशिवाय हलूच देईना.

शाळेत बुधवारी एक समुपदेशक बाई येतात. त्यांच्यामुळं गाडी रुळावर आली, म्हणून त्यांचाही रिव्ह्यू इथंच उरकते. पंचवीस मिनिटं एकट्या लेकराशी, पंचवीस आम्हा दोघांशी, मग सगळे एकत्र. आमचे हे, म्हणजे लेकराचे बाबा, त्या पंचवीस मिनिटांत तीन वाक्यं बोलले. मी म्हटलं, “मॅडम, शाळेनं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं.” त्या म्हणाल्या, “तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. पण सगळी घरं सारखी नसतात, ताई.” मी वाद घालणार होते. पण आमच्याच गल्लीतल्या एका पोरीच्या मोबाईलमध्ये काय सापडलं म्हणून नववीत शाळा सुटली, दहावीच्या वयात हळद लागली, ते मला आठवलं. मी गप्प बसले. तिच्या घरी त्या दिवशी शाळेनं फोन केला असता तर काय झालं असतं?

तरी पाच महिने फार होतात. मुलाला विचारायचं की घरी सांगू का, कोण सांगेल, तू असताना सांगू का. आठ दिवस घ्या, पंधरा घ्या. नुसतं शांत राहून बाईंनी त्याला मदत केली असं त्यांना वाटलं. त्याच्या डोक्यावर त्यांनी अजून एक गुपित ठेवलं, असं मला वाटतं. यावर माझं त्या बाईंशी अजून पटलेलं नाही.

समुपदेशक बाईंनी अजून एक केलं. यांनी विचारलं, “पुढं काय काय करावं लागेल?” घाबरूनच विचारलं. त्या म्हणाल्या, “त्यानं नाव आणि कपडे मागितलेत. तेवढ्याचंच उत्तर द्या. बाकीचं कुणी विचारलेलं नाही.”

आता दुकान.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो, म्हणजे चुकीच्या वेळी गेलो. सोलापूरचे गणवेश देशभर जातात, आणि सोलापूरकर शाळा उघडायच्या चार दिवस आधी माप द्यायला जातात. दुकानात वीस माणसं. मास्तर घरी तेलुगू बोलणारे, साठीचे. कानाला पेन्सिल, गळ्यात टेप. मी आठ दिवस मनात वाक्य तयार करत होते. की बघा मास्तर, मुलींचा गणवेश नको, असं असं आहे, शाळेची परवानगी आहे. संमतीपत्राची झेरॉक्ससुद्धा पर्समध्ये होती. मास्तरांनी शाळेचं नाव विचारलं, ठाण काढला आणि लेकराकडं बघून विचारलं, “काय शिवायचं?”

“पॅन्ट-शर्ट.”

“किती?”

“दोन पॅन्ट, तीन शर्ट.”

“वर ये.”

झालं. झेरॉक्स पर्समध्येच राहिली.

वर जायला लाकडी शिडी आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं. ट्रायल रूम म्हणजे दोरीवर टाकलेला पडदा. मास्तरांचं माप घेणं ऐकण्यासारखं आहे. “हात वर. खाली. सरळ उभं रहा. श्वास सोड.” माप घेणाऱ्याची सगळी भाषा हुकमाची, आणि हुकमात ना आलास ना आलीस. शिवाय मास्तरांच्या मराठीत लिंगाचा घोळ मुळातच आहे. “शर्ट झाली, पॅन्ट राहिला” असं ते बिनधास्त म्हणतात. निम्मं गाव घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतं, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. लेकरू मात्र पहिल्यांदा हसलं. किती दिवसांनी कुणाच्या तरी बोलण्यात त्याच्यासाठी खड्डा नव्हता.

खांदा, बाही, उंची झाली. छातीचं माप आलं तसं लेकरानं हात आवळून घेतले. मला दिसलं, मास्तरांनाही दिसलं. त्यांनी टेप गळ्यातनं काढून माझ्या हातात दिली आणि वहीत तोंड घालून म्हणाले, “अक्का, तुम्ही धरा, आकडा सांगा.” मी टेप धरली. टेप धरून मी लेकराच्या इतक्या जवळ कित्येक महिन्यांत उभी राहिले नव्हते. आकडा सांगितला. मास्तरांनी वर न बघता विचारलं, “अंगाबरोबर का ढिला?” “ढिला,” लेकरू म्हणालं. “चार इंच लूज टाकतो. खिसा जरा मोठा लावतो, समोर भरल्यासारखं दिसतंय.” त्यांनी का म्हटलं ते आम्हा तिघांनाही कळलं.

मग ते म्हणाले, “काज कुठल्या बाजूला?”

मला आधी कळलंच नाही. तुम्ही कपाट उघडून बघा. पुरुषांच्या शर्टाला बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात, बायकांच्या शर्टाला डाव्या. मी चव्वेचाळीस वर्षं बटणं लावतेय, माझ्या लक्षात आलं नव्हतं. लेकराच्या आलं होतं. ते माझ्याकडं बघायला लागलं. फॉर्मवर सही करताना हात थरथरला नव्हता, पण त्या बटणांपाशी मला बोलवेना. सहीच्या वेळी समोर मुख्याध्यापिका होत्या, इथं हे होतं. मास्तरांनी दोन क्षण वाट बघितली आणि म्हणाले, “घरी ठरवा. दोन्ही पट्ट्या सारख्याच ठेवतो. काज शेवटी पाडायचं असतं, घाई नाही. बुधवारपर्यंत फोन करा.”

फोन मी केला नाही. बाबांनी केला. मंगळवारी रात्री भाकरी खाताना त्यांनी स्वतःच्या शर्टाची वरची बटणं काढली, लावली, परत काढली आणि लेकराला विचारलं, “माझ्यासारखं?” लेकरानं मान हलवली. यांनी गॅलरीत जाऊन फोन लावला. शेंगाची चटणी हातालाच होती, मोबाईल अजून तेलकट आहे.

कामाबद्दल: कापड चांगलं, टेरीकॉटचं, दोन महिन्यांत रंग उतरला नाही. पॅन्टच्या मोहरीत दोन इंच दाब ठेवलाय, पोरं वाढतात, दिवाळीत उसवून घ्या म्हणाले. बैठक व्यवस्थित, सायकलवर बसताना ताणत नाही. शर्ट ४८०, पॅन्ट ६२०, पाच नगांचे २,६८० झाले, वरचे ८० सोडले. मुलांची आणि मुलींची शिलाई एकच आहे का विचारलं, तर म्हणाले, “कापड बघून पैसे, अक्का.” क्यूआर कोड भिंतीवर आहे पण चालत नाही, रोख न्या.

तक्रारी आहेत. गुरुवारी देतो म्हणाले, सोमवारी दिले. शाळा सुरू झाल्यावर चार दिवस लेकरू जुन्या सलवार-जाकिटात गेलं. तुम्हाला ते चार दिवस म्हणजे चार दिवस वाटतील. मी दुकानात जाऊन बोलले, तर लाईट नव्हती म्हणाले. आणि तिसऱ्या शर्टाचा खिसा वाकडा आहे. शाळेचा लोगो त्यावर तिरका बसलाय, प्रार्थनेच्या रांगेत लांबून दिसतो. अर्धा तारा त्याचाच.

संमतीपत्राला दुसरा तारा कसा मिळाला तेही सांगून टाकते. मी कागदावर सही केली, आणि कागद उलटा करून मागं चार ओळी लिहिल्या. एक, स्टाफरूमकडच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्याला मागावी न लागता मिळावी, कारण ते शाळेत पाणी पीत नाही आणि संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याभर पाणी एका दमात पितं. दोन, वर्गात हाक ते सांगेल ती, रजिस्टरमध्ये आहे ते नाव तसंच. तीन, पी.टी.ला मुलं-मुलींच्या रांगा वेगळ्या लावायच्या असतील तर ते कुठं उभं राहणार हे त्याला आदल्या दिवशी विचारावं, मैदानावर सगळ्यांसमोर नको. चार, पुढं काहीही असलं तर आधी त्याला विचारून, मग त्याच्यासमोर मला फोन. खाली लेकराची सही घेतली. मुख्याध्यापिकाबाई बराच वेळ वाचत होत्या. त्यांचीही बाजू आहे. गेटवर उभे राहणारे पालक त्यांना तोंड देतात, मला नाही. “उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?” असं त्या म्हणाल्या होत्या, तो प्रश्न खोटा नव्हता. त्यांनी मागच्या बाजूलाही शिक्का मारला. किल्ली मिळते. पी.टी.चं अजून दोनदा चुकलंय.

सासूबाईंचं विचाराल तर त्यांनी पॅन्ट बघून “शिलाई बरी आहे” एवढंच म्हटलंय. सध्या ते पुष्कळ आहे.

मला स्वतःला कळायला पाहिजे होतं, ते जानेवारीत. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत हे मामेभावाची पॅन्ट घालून उभं होतं. तिकिटवाला ओरडला, “ए दादा, मागं सर की बे!” मी त्याला सुनावायला पुढं झाले, की पोरगी आहे ती. लेकरू आधीच मागं सरकलं होतं, आणि तोंडभर हसत होतं. धक्का बसला तरी हसत होतं. मला वाटलं, पाळण्याचा आनंद झालाय.

जाणार असाल तर जून टाळा. जमलं तर एप्रिलमध्येच माप द्या, दुपारी तीन ते पाच दुकान रिकामं असतं, मास्तर तेव्हा चहा पितात आणि बोलतात. आम्ही या शनिवारी परत चाललोय, खिसा उसवून सरळ लावून घ्यायला.